पाटीवरचं चौथं नाव

आयरिस बेवलीने दार ढकललं तेव्हा तिला आधी वास आला, ओल्या लोखंडाला येतो तसा. मग गिल्बर्ट फिअरन दिसले. दिसले म्हणजे त्यांचा कोट दिसला. डोकं टेबलावर पडलं होतं, पण त्याचं जे काही उरलं होतं त्याला चेहरा म्हणणं कठीण होतं. मारणारा एका घावावर थांबला नव्हता. टिपकागदावर, कायद्याच्या पुस्तकांवर, अगदी छतापर्यंत रक्ताचे शिंतोडे उडाले होते.

अशा वेळी शहाण्याने मागच्या मागे फिरावं. पण आयरिस मेंढपाळाच्या घरची. जखमी जनावर दिसलं की आधी हात घालायचा, हे तिच्या अंगात भिनलेलं. ती धावली, वाटेत पडलेला हातोडा उचलून बाजूला ठेवला, फिअरनच्या खांद्याखाली हात घालून त्यांना उठवायला गेली. डोक्याचा मागचा भाग तिच्या तळव्यात मऊ लागला, आणि मग ती किंचाळली.

जिन्यावर पावलं धडधडली. हेडक्लार्क विल्फ्रेड टॉल्सन दारात उभा राहिला. काळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात सोमवारच्या खटल्यांची यादी. त्याने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा तिच्या लाल हातांकडे.

"बाईसाहेब, मागे सरा," तो म्हणाला. "कशालाही हात लावू नका."

मग खाली जाऊन त्याने पोलिसांना फोन केला. शुक्रवार होता आणि सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

*

मिसेस डोरा पॅटिन्सन यांची कचेरी खाटकाच्या दुकानावर होती. बाईंनी वीस वर्षं कार्लाईलच्या क्राउन कोर्टात काळा झगा घालून साक्षीदारांची नावं पुकारली, त्यांना शपथा दिल्या, वकिलांना पाणी दिलं. पाय बोलू लागले तेव्हा नोकरी सोडली आणि खाजगी तपासाचा धंदा मांडला. तोंडात कायम पुदिन्याची वडी. शनिवारी सकाळी समोर येऊन बसलेल्या मुलीलाही त्यांनी आधी एक वडी दिली.

"सोमवारी दहा वाजता इन्स्पेक्टर नोबल मला अटक करणार आहेत," आयरिस म्हणाली. "तोपर्यंत वकील शोधून ठेवा, असं म्हणाले. मला, शिकाऊ वकिलाला, म्हणाले."

"पुरावा काय त्याच्याकडे?"

"हातोड्यावर माझ्या बोटांचे ठसे. बाह्यांवर त्यांचं रक्त. आणि शुक्रवारी सकाळी सगळ्या कोर्टासमोर फिअरन साहेबांनी मला झापलं होतं. मी त्यांच्या हातात चुकीच्या साक्षीदाराचा जबाब दिला. ते म्हणाले, मिस बेवली, मेंढ्यांचे कान तरी तुम्हाला ओळखू येतात का?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही. पण रडले. ते सगळ्यांनी बघितलं."

टॅनर गल्लीतलं ते चेंबर्स, म्हणजे वकिलांची एकत्र कचेरी, हा तीन बॅरिस्टरांचा संसार. वर गिल्बर्ट फिअरन, त्यांच्याखाली हॉनर सेनहाउस, त्यांच्याखाली माइल्स रेल्फ. आयरिस आणि कीथ टॉल्सन हे दोघे शिकाऊ. वर्षभर थोरल्यांच्या मागे कागद वाहायचे, त्यांचे मसुदे लिहायचे, कोर्टात शेवटच्या बाकावर बसून गप्प ऐकायचं, आणि वर्ष संपलं की चेंबर्स ठरवणार कोणाला पक्की जागा द्यायची. यंदा जागा एकच होती. ज्याला मिळेल त्याचं नाव दाराशेजारच्या काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरांत चढणार. दुसऱ्याने टोप आणि झगा ट्रंकेत घालून घरी जायचं. त्या सगळ्या भागात दुसरं चेंबर्स नव्हतं, म्हणून दुसरं दार ठोठावायचीही सोय नव्हती.

आणि घर लहान असलं तरी रिवाज मोठ्या घरचे. साडेचारला चहा शिकाऊंनी ओतायचा. पहिला कप फिअरनना, मग सेनहाउसबाईंना, मग रेल्फना, आणि किटलीत काही उरलंच तर आपल्याला. कोर्टाचा झगा ठेवायची पिशवी सगळ्यांची निळी. लाल पिशवी फक्त फिअरनची, कारण ती विकत मिळत नाही. कोणी मोठा वकील कामावर खूष होऊन देतो तेव्हाच मिळते. हेडक्लार्क बॅरिस्टरांना साहेब-बाईसाहेब म्हणणार आणि ते त्याला नुसतं विल्फ्रेड म्हणणार. शिकाऊंनी मात्र त्याला मिस्टर टॉल्सन म्हणायचं आणि त्याच्या तोंडून एकेरी नाव ऐकून घ्यायचं. कीथ तर त्याचा पोटचा मुलगा, पण चेंबर्सच्या उंबऱ्याच्या आत तोही नुसता कीथ आणि बाप मिस्टर टॉल्सन. आयरिसला पहिल्या आठवड्यात या सगळ्याचं हसू यायचं. दुसऱ्या महिन्यात ते पाठ झालं आणि मग ते आहे हेही ती विसरली.

"आता शुक्रवार सांग," मिसेस पॅटिन्सन म्हणाल्या. "कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. अर्थ लावू नकोस. साक्षीदार अर्थ लावायला लागले की न्यायाधीशसुद्धा झोपतात."

आयरिसने सांगितलं. खटला दुपारी बाराला संपला. चारला तिघा बॅरिस्टरांची बैठक झाली. रेल्फनी तिच्या बाजूने मत दिलं, सेनहाउसबाईंनी कीथच्या. फिअरन म्हणाले, निर्णय मी एकटा करीन, लिहून पाकिटात घालीन, सोमवारी वाचून दाखवीन. साडेचारला चहा झाला. पावणेपाचला टॉल्सन त्यांच्या खोलीतून ट्रे घेऊन खाली आला आणि म्हणाला, 'आयरिस, कपबश्या विसळ, मग वर मर तुझ्या पुस्तकांत.' ती पोटमाळ्यावरच्या ग्रंथालयात जाऊन बसली. सहाला मसुदा घेऊन खाली उतरली. पुढचं सगळ्यांना माहीत होतं, तरी मिसेस पॅटिन्सननी तेही शब्दाला शब्द काढून घेतलं.

फिअरनच्या टेबलावर उघडं पेन होतं, पाकीट नव्हतं. शेगडीत जळलेल्या जाड कागदाची राख होती. नोबलचं म्हणणं असं, की निर्णय आयरिसच्या विरुद्ध होता. तिने तो वाचला, हातोडा घातला, कागद जाळला. हातोडा फिअरनच्या टेबलावरचाच. स्लेटच्या खाणीतल्या कामगारांनी खटला जिंकल्यावर भेट दिलेला, पितळी पट्टीवर त्यांचं नाव कोरलेला. रोज कागदांवर वजन म्हणून ठेवलेला असायचा.

"पोलीस आल्यावर?"

"आम्हाला मिस्टर टॉल्सनच्या खोलीत बसवलं. शेगडी फुललेली होती. नोबलनी स्वतःचा कोट काढला, कीथने स्वेटर काढला. मी हात धुवायला उठले तर मिस्टर टॉल्सन म्हणाले, 'आयरिस, हात धुऊ नकोस, पोलिसांना बघू दे.' त्यांच्या कपाळावर घाम होता, पण त्यांनी कोटाचं एक बटणही सोडलं नाही."

"एरवी काय घालतो तो?"

"घरात कायम काळं जाकीट, आणि बाह्या वर धरून ठेवणारे ते चांदीचे पट्टे. कोट फक्त कोर्टात जाताना."

मिसेस पॅटिन्सननी वहीत चार ओळी लिहिल्या आणि टोपी उचलली. आयरिसच्या लक्षात आलं, बाईंनी आपल्याला अजून एकदाही विचारलं नाही, की तूच मारलंस का.

*

शनिवारी दुपारी नोबलने सगळ्यांना जबाबांवर सह्या करायला चेंबर्समध्ये बोलावलं होतं. दारावर शिपाई. त्याला मिसेस पॅटिन्सननी लहानपणी कोर्टाच्या पायऱ्यांवरून हाकललेलं होतं, म्हणून त्याने मुकाट वाट दिली.

आत जाण्याआधी बाई पाटीपुढे थांबल्या. तीन सोनेरी नावं. तिसऱ्याच्या खाली लाकूड नुकतंच घासलेलं होतं आणि पेन्सिलीच्या दोन बारीक रेषा आखलेल्या होत्या.

हॉनर सेनहाउस खिडकीशी उभ्या राहून सिगरेट ओढत होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, आवाज करवतीसारखा. त्यांनी आयरिसकडे सरळ बघून सांगितलं, "मी तुझ्याविरुद्ध मत दिलं आणि उद्या पुन्हा देईन. पण खून तू केलेला नाहीस. तुला साधा जबाब धड शोधता येत नाही, तू पुरावा कसला जाळतेस?"

पाचला निघताना त्या फिअरनच्या दारात डोकावल्या होत्या. तेव्हा ते म्हणाले, 'अजून ठरत नाही, हॉनर. अर्धा तास दे.' समोर कोरा कागद होता. नंतर त्यांनी पाच वीसची गाडी पकडली आणि पेनरिथला उतरल्या. तिकीट तपासनीस ओळखीचा होता.

माइल्स रेल्फच्या डाव्या हातावर ताजा ओरखडा होता. मांजराने काढला म्हणाले. सव्वापाचला चेंबर्स सोडलं, नदीकाठी फिरले, कोणी पाहिलं नाही. गुरुवारी फिअरनशी त्यांचं भांडण झाल्याचं मिसेस पॅटिन्सनना कोर्टातल्या जुन्या ओळखींकडून कळलं होतं; त्याबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग गेला. खरं होतं ते: ते दारू पिऊन कोर्टात उभे राहिले होते आणि फिअरन तक्रार करणार होते.

"गिल्बर्ट मेल्याने माझी चामडी वाचली, हे मला कळतं," रेल्फ म्हणाले. "पण ज्या मुलीला मी शिकवलं, तिच्या गळ्यात माझा फास अडकवणार नाही."

बाहेर येताच आयरिस कुजबुजली, "हेच. ओरखडा बघितलात? त्या वेळेचा साक्षीदार नाही, आणि कारण तर—"

"मांजर आहे त्यांच्याकडे?"

"आहे. दुष्ट आहे."

"मग मांजराला सोड," मिसेस पॅटिन्सन म्हणाल्या.

कीथ टॉल्सन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. रात्रभर झोपला नसावा. पाच ते सहा तो समोरच्या दारूच्या गुत्त्यात होता. मधे दहा मिनिटं सिगरेट आणायला बाहेर गेला होता, तेही त्याने आपणहून सांगितलं. वर्षभर तो आणि आयरिस एकाच टेबलावर समोरासमोर बसत आले होते, डबा वाटून खात होते, आणि एकमेकांचं भलं व्हावं असं त्यांना वाटायचं, फक्त आपल्यानंतर.

"जागा मिळाली असती तर?" बाईंनी विचारलं.

"बाबांना आनंद झाला असता." तो म्हणाला. "मला कधी कधी वाटतं, मी शाळामास्तर झालो असतो तर बरं. पण बाबा पंधराव्या वर्षी या घरात कोळसा भरायला लागले. मी सहा वर्षांचा असताना मला दाखवायला आणलं होतं, त्या पाटीपुढे उभं केलं. म्हणाले, इथे."

"पाटी कोण रंगवतं?"

"तेच. पहिल्यापासून. रंगाऱ्याच्या हाताला ते अक्षर येत नाही म्हणतात. जागा त्यांनी मागच्या आठवड्यातच घासून ठेवली."

शेवटी टॉल्सन. तो आपल्या उंच स्टुलावर बसून सोमवारचे कागद गुलाबी फितीत बांधत होता. मालक वर मारला गेला म्हणून खटले थांबत नाहीत. बाह्या दोन रबरांनी वर धरलेल्या, अंगात तपकिरी जाकीट, नवं कोरं. तो अदबीने उठला.

त्याने जे सांगितलं ते घड्याळासारखं होतं. पावणेपाचला ट्रे आणला, त्यानंतर वर पाऊल ठेवलं नाही. पाच पस्तीसला सोमवारची यादी आणायला कोर्टात गेला. जाताना साहेबांची पिशवी नेऊन तिथल्या खुंटीला अडकवली, नेहमीसारखी. सहाला दहा कमी असताना परत. मग किंकाळी.

"फिअरननी काय ठरवलं होतं, विल्फ्रेड?"

"मला कसं कळणार, मिसेस पॅटिन्सन? कागद तर जळला म्हणतात." मग तो आयरिसकडे वळला. "आयरिस, दार लोटून घे जाताना. वारा येतोय."

बोळात झग्यांच्या खुंट्या होत्या. दोन निळ्या पिशव्या, शिकाऊंच्या दोन त्याहून निळ्या, आणि पहिली खुंटी रिकामी.

"सोमवारी फिअरनना कोर्टात काय काम होतं?" मिसेस पॅटिन्सननी विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर खटला संपल्यावर मीच त्यांची पिशवी इथे आणून टांगली. पुढचा आठवडा ते घरातच बसणार होते."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वडीचा तुकडा मोडला. "आज-उद्या कोर्टाला कुलूप, नाही का? पण तिथला रखवालदार माझ्या लग्नात नाचला होता. तू घरी जा आणि झोप. उद्या साडेचारला चहा करायचाय तुला."

*

रविवारी साडेचारला चेंबर्सच्या मोठ्या खोलीत दिवे लागले होते. बाहेर नोव्हेंबरचा अंधार पडला होता. आयरिसने चहा ओतला. पहिला कप फिअरनच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायला बाईंनी सांगितलं होतं. मग सेनहाउसबाई, मग रेल्फ. टॉल्सन रिवाजाप्रमाणे उभा होता, शेगडीजवळ. कीथ त्याच्या शेजारी. इन्स्पेक्टर नोबल दाराला पाठ लावून, हाताची घडी घालून, ही म्हातारी रविवार फुकट घालवतेय अशा चेहऱ्याने.

"इन्स्पेक्टर म्हणतात, कागद आयरिसने जाळला, कारण तो तिच्याविरुद्ध होता," मिसेस पॅटिन्सननी सुरुवात केली. "मी उलटं धरून बघितलं. आपल्याला कोणालाच माहीत नाही, की त्या कागदावर काय होतं. पाच वाजता स्वतः फिअरनलाही माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे कोरा कागद होता आणि त्यांनी अर्धा तास मागून घेतला. सहाला ते मेलेले. म्हणजे तो निर्णय जगात फार तर तासभर जिवंत होता, आणि त्या तासात तो वाचणारे किंवा ऐकणारे दोनच. एक फिअरन आणि दुसरा त्यांना मारणारा."

"मान्य," नोबल म्हणाला. "पुढे?"

"म्हणून मी एवढंच शोधलं, की शुक्रवारी सहा वाजता निर्णय कोणाला माहीत होता. मांजराचे ओरखडे बघितले नाहीत, कोण सिगरेट आणायला गेला ते मोजलं नाही. तो माणूस मला सापडला, कारण त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सगळ्यांच्या आधी सांगितलं." त्या वळल्या. "आयरिस, तू किंचाळलीस, विल्फ्रेड दारात आला. काय म्हणाला?"

"म्हणाले, बाईसाहेब, मागे—"

आयरिस थांबली. हातातली किटली तिने हळूच खाली ठेवली.

वर्षभरात त्या माणसाने तिला आयरिस म्हटलं होतं, पोरी म्हटलं होतं, एकदा चहा सांडला तेव्हा गाढवही म्हटलं होतं. ते एक संबोधन तिने रोज रात्री उशीवर डोकं टेकून स्वतःच स्वतःला लावून बघितलं होतं. आणि ते खरोखर कानावर पडलं तेव्हा तिचे हात फिअरनच्या रक्तात होते आणि तिला ऐकूच आलं नाही.

"पावणेपाचला ही 'आयरिस, कपबश्या विसळ' होती," मिसेस पॅटिन्सन म्हणाल्या. "पोलीस आल्यावर भानावर आला, तेव्हा पुन्हा 'आयरिस, हात धुऊ नकोस'. मधे एकदाच ती बाईसाहेब झाली. हे बाहेरच्याला कळायचं नाही. अडतीस वर्षं विल्फ्रेडचा हाच नेम, या घरात ज्याला जागा मिळाली त्याला त्या क्षणापासून साहेब-बाईसाहेब म्हणायचं, मिळाली नाही त्याला मेला तरी नाही. दुसऱ्या कोणी अशी चूक केलीच नसती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर माणूस मारूनही गेली नाही."

"घाबरून कोणीही काहीही म्हणतो," रेल्फ पुटपुटले.

"म्हणतो. सेनहाउसबाई समजून म्हणाला असेल, असंही मी धरून बघितलं. पण बाई तेव्हा पेनरिथला, आणि खोलीत दिवा लख्ख होता. तरी नुसत्या शब्दावर कोणाला फासावर देऊ नये. म्हणून मी कोट बघितला. हा माणूस घरात जाकिटावर वावरतो. त्या दिवशी फुललेल्या शेगडीपाशी दोन तास घामाने निथळत बसला, पण बटण सोडलं नाही, कारण आत जाकीट नव्हतं आणि सदऱ्याची अवस्था दाखवण्यासारखी नव्हती. काल अंगावर नवं जाकीट, आणि चांदीच्या पट्ट्यांऐवजी रबरं. मग जुनं कुठे गेलं? फिअरनची पिशवी कोर्टात नेऊन ठेवली, नेहमीसारखी, असं तो म्हणाला. पण फिअरनचा खटला संपला होता. सोमवारी त्यांना कोर्टात काम नव्हतं, आणि कोणाचं कुठे काम आहे हे हेडक्लार्कइतकं कोणाला ठाऊक असतं?"

त्यांनी खुर्चीखालून लाल पिशवी काढली आणि दोरी सोडली. टेबलावर काळं जाकीट पडलं; पडताना पुठ्ठ्यासारखा आवाज झाला. त्याच्यामागून दोन चांदीचे पट्टे घरंगळत आले. त्यांच्या कड्यांत काळपट काहीतरी वाळलं होतं, आणि त्यात पांढरे केस चिकटले होते.

"लाल पिशवीवर रक्त दिसत नाही, आणि मेलेल्या माणसाच्या पिशवीला कोर्टात कोणी हात लावत नाही. रिवाज आहे," मिसेस पॅटिन्सन म्हणाल्या. "उद्या सकाळी यादीच्या निमित्ताने जाऊन तू ती आणली असतीस, विल्फ्रेड. त्याच वेळी हिच्या हातात बेड्या पडल्या असत्या."

टॉल्सन जाकिटाकडे बघत होता. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता.

"साडेपाचच्या आधी घंटी वाजवून वर बोलावलं. पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाले, विल्फ्रेड, सोमवारी पाटीवर मिस बेवलींचं नाव घाल. आजपासून त्या बाईसाहेब. मी म्हटलं, साहेब, आयुष्यात एकदा, एकदाच मला माझ्या पोराला साहेब म्हणायचं होतं. ते हसले. म्हणाले, क्लार्कचा मुलगा क्लार्कच्याच स्टुलावर शोभतो, माझ्याकडून त्याला एवढं सांग." त्याने मान वर केली. "मग मान खाली घालून पेनच बघत बसले. माझ्याकडे बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. हातोडा माझ्यासमोरच होता. किती मारले, मोजले नाहीत."

"बाबा," कीथ म्हणाला.

तेवढ्याने टॉल्सन फुटला. नोबल खोलीच्या त्या टोकाला होता आणि शेगडीचा लोखंडी गज टॉल्सनच्या हाताशी. तो गज उचलून आयरिसकडे धावला, टेबलाला धडकला, कपबश्या खळखळून फुटल्या. "तुझ्यामुळे," एवढंच तो ओरडत होता. आयरिस भिंतीला टेकली. मागे जागा नव्हती. गज वर गेला आणि खाली आला, पण मधे कीथ आला. त्याने डोक्यावर हात धरला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. दुसरा घाव खांद्यावर बसला, रक्त आयरिसच्या तोंडावर उडालं. तिसऱ्यासाठी गज वर असताना टॉल्सनला दिसलं, की आपण कोणाला मारतो आहोत.

गज हातातून पडला. नोबल आणि दारावरून धावत आलेल्या शिपायाने त्याला जमिनीवर दाबून धरलं, पण दाबायची आता गरज नव्हती. कीथ गुडघ्यांवर बसला होता, लोंबणारा हात पोटाशी धरून, आणि लहान मुलासारखा रडत होता. आयरिसने गळ्यातला रुमाल सोडून त्याच्या हाताला बांधला. तिलाही रडू आवरत नव्हतं. तिला जागा मिळाली होती. वर्षभर जिच्यासाठी ती जगली होती ती गोष्ट तिला शुक्रवारी साडेपाचलाच मिळाली होती, आणि आता ती कोणाला सांगावी हे तिला कळत नव्हतं.

मिसेस पॅटिन्सन फुटलेल्या बशा पायाने बाजूला सारत होत्या. सेनहाउसबाईंनी फिअरनच्या खुर्चीपुढचा, कसा कोण जाणे, शाबूत राहिलेला कप उचलला आणि आयरिसच्या हातात दिला. "पी," त्या म्हणाल्या. "मी माझं मत बदललेलं नाही. पण गिल्बर्टचं मत गिल्बर्टचं."

बेड्या घातलेल्या टॉल्सनला खाली नेलं. रुग्णवाहिकेची वाट बघत आयरिस आणि कीथ दारापाशी उभे होते, तिथे पाटीपुढून जाताना तो थांबला. नोबलने ओढलं नाही. टॉल्सनने घासलेल्या जागेकडे पाहिलं, पेन्सिलीच्या दोन रेषांकडे. मुलाकडे बघायची त्याला हिंमत झाली नसावी. मग तो आयरिसकडे वळला, आणि त्याचा आवाज पुन्हा रोजचा झाला, अदबीचा, कामाचा.

"सोनेरी रंग माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, बाईसाहेब. ब्रश पाण्यात ठेवू नका, टर्पेंटाइनमध्ये ठेवा. नाहीतर केस गळतात."

रिवाजाप्रमाणे आता त्याला एकच उत्तर होतं आणि ते तिच्या तोंडून आपोआप आलं.

"ठीक आहे, विल्फ्रेड."

पोलिसांची गाडी गेल्यावर ती कपाटापाशी गेली. वरच्या खणात रंगाची डबी होती, ब्रश स्वच्छ पुसून ठेवलेला. खाली पातळ कागदाची गुंडाळी. त्यावर एकाच नावाची अक्षरं पेन्सिलीने आखली होती, खोडून पुन्हा आखली होती, कितीतरी वेळा. सर्वांत जुन्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती. तेव्हा कीथ सहा वर्षांचा होता. आयरिसने गुंडाळी तशीच बांधली आणि बाहेर नेऊन कीथच्या चांगल्या हातात दिली.